मेटा कीवर्ड टॅग भरल्याने गूगलवर रँकिंग वाढते का?

नाही. हा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेली कीवर्डची, म्हणजे शोधशब्दांची, यादी. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले की वेब सर्चच्या क्रमवारीत हा टॅग ते अजिबात वापरत नाहीत. तरीही तो भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात, ते कृपया देऊ नका.

एके काळी मात्र त्याला खरेच वजन होते. १९९०च्या दशकात अल्टाविस्टा, इन्फोसीक यांसारखी सर्च इंजिने पानावरचे शब्द आणि हा टॅग पाहून पान कशाबद्दल आहे ते ठरवत. टॅग वाचकाला दिसत नाही, त्यामुळे लोक त्यात वाट्टेल ते कोंबू लागले: प्रतिस्पर्ध्यांची नावे, पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द, एकच शब्द पन्नास वेळा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्तीही तेव्हाचीच. साइटवाल्याने स्वतःबद्दल सांगितलेल्यावर विसंबणे इंजिनांना परवडेना. १९९८ मध्ये आलेल्या गूगलने म्हणूनच इतर पाने कोणाला लिंक देतात याला महत्त्व दिले.

पुढे गूगलने क्रमवारीची पद्धत आणखी बदलली: २०११च्या पांडा अपडेटने निकृष्ट मजकूर मागे ढकलला, २०१३च्या हमिंगबर्डने सुट्या शब्दांपेक्षा पूर्ण प्रश्नाच्या अर्थावर भर दिला. २०१९ मध्ये वाक्यातील शब्दांचा संदर्भ समजून घेणारे बर्ट हे भाषा-मॉडेल आले, तेही मराठीसह अनेक भाषांत.

याचा अर्थ कीवर्ड संपले असा नाही. लोक जे शब्द टाइप करतात ते शीर्षकात, उपशीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहज यायला हवेत. ‘पुण्यात सायकल दुरुस्ती’ हे एकदा नीट लिहा, मग दर, वेळ, पत्ता द्या. मेटा डिस्क्रिप्शनही, म्हणजे पानाच्या कोडमधला त्याचा छोटा सारांशही, लिहा. त्याने क्रम बदलत नाही, पण शोधाच्या निकालात शीर्षकाखाली बऱ्याचदा तोच मजकूर दिसतो.