मान पुढून उघडायची की मागून, बाबांच्या फ्युजनबद्दल

तुमच्या बाबांचा मज्जारज्जू मानेत दबलाय, मणके जोडायचं ऑपरेशन म्हणजे फ्युजन करायचंय. एक सर्जन पुढून केज-प्लेट (गादीच्या जागी बसवायचा ठोकळा आणि त्याला धरणारी धातूची पट्टी) म्हणतोय, दुसरा मागून स्क्रू, आणि तुम्ही विचारताय यातलं भारी कुठलं. तसं भारी-बिरी काही नसतं हो, आधी एमआरआय बघायचा, दाब कुठून येतोय आणि किती ठिकाणी. मणक्यांमधल्या एक-दोनच गाद्या (डिस्क) पुढून मज्जारज्जूवर दाबत असतील तर पुढून जाणं सरळ, गादी काढून मधे केज बसवायचा, दोन मणके एकमेकांना जुळतात. पुढून गादी काढून मणके जोडायच्या या ऑपरेशनलाच एसीडीएफ म्हणतात, १९५० च्या दशकापासून चालत आलंय. पूर्वी मधे कमरेचं हाड काढून घालायचे, त्यात मान बरी व्हायची आणि पेशंट कमरेला धरून बसायचा, केजमुळे ते बरंच सुटलं.

पण तुम्ही लिहिलंय सी३ पासून सी७ पर्यंत (मानेचा तिसरा ते सातवा मणका) चारही गाद्यांपाशी दबलंय, म्हणजे गोष्ट वेगळी. पुढून जितक्या जास्त गाद्यांपाशी मणके जोडायचे तितकी एखादा सांधा न जुळण्याची भीती जास्त (बाबांची बिडी-सिगरेट आजच बंद करा, हाड जुळण्यात ती आडवी येते). मागून मणक्यांच्या हाडाचं छप्पर काढलं की मज्जारज्जू मागे सरकतो आणि मोकळा होतो, मात्र तो सरकायला मानेचा नैसर्गिक बाक शिल्लक हवा. मान पुढे वाकून तशीच बसली असेल तर मागून कितीही जागा केली तरी तो पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. म्हणून उभं राहून काढलेला साइडचा एक्सरे मागा, नुसत्या एमआरआयवर ठरवू देऊ नका.

उत्तर अमेरिकेत १६३ पेशंटवर अशीच तुलना झाली होती, २०२१ साली छापून आली, वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या शारीरिक क्षमतेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्रास मात्र वेगवेगळे, पुढून केलं की गिळायला त्रास आणि आवाज बसणं, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, मागून केलं तर स्नायू दुखतात, इन्फेक्शनची शक्यता थोडी जास्त, आणि काहींचा हात खांद्यातून वर उचलत नाही, तोही बहुतेकदा काही महिन्यांत परत येतो. प्लेट की प्लेटशिवायचा केज हा वाद त्यामानाने बारीक आहे.

बाक चांगला असेल तर मागून करू म्हणणाऱ्या सर्जनला लॅमिनोप्लास्टीचंही विचारा, त्यात ते छप्पर काढून न टाकता दारासारखं उघडून ठेवतात, फ्युजन करत नाहीत, मान जरा जास्त हलती राहते. आणि शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो असं म्हणताय ना, मग तिसरं ओपिनियन घ्या पण याच आठवड्यात, कारण ऑपरेशनने बिघाड पुढे वाढायचा थांबतो, गेलेली ताकद सगळी परत येतेच असं नाही.