शिट्टीच्या शेजारी दुसरा आवाज

प्रिय मुली,

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाच्या वेळी वाचला. "काका, ही शिट्टी कधी जाणार?" एवढंच विचारलंस. बाकीचं तुझ्या आईकडून काढून घेतलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा वाजवून आलीस, कानांना दडे बसले, दुसऱ्या दिवशी दडे सुटले, पण डाव्या कानातली शिट्टी काही सुटली नाही. तुझ्या डाव्या बाजूला धातूचा टोल वाजत होता म्हणे. मग डावाच कान जास्त दुखावला यात नवल नाही.

आधी सरळ उत्तर देतो. मोठ्या आवाजानंतरची शिट्टी पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत विरते. तुझी अजून आहे, म्हणजे ती मुक्कामाला आली असण्याची शक्यता धरून चालायला हवं. पण शिट्टी असणं वेगळं आणि शिट्टीचा त्रास असणं वेगळं. पहिली राहूनही दुसरा जातो, आणि बहुतेकांचा जातो. माझी सगळी नोकरी भोसरीच्या कारखान्यात, प्रेस मशीनच्या दणदणाटात झाली. माझ्या दोन्ही कानांत शिट्टी आजही आहे. आत्ता तिच्याविषयी लिहितोय म्हणून ऐकू येतेय, मघाशी पोहे खाताना नव्हती.

आता पहिलं काम, आणि ते या आठवड्यातच. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. ससूनच्या ओपीडीत जा किंवा खासगीत, पण दाखव. फोन आलटून पालटून दोन्ही कानांना लावून बघ. डाव्या कानाला ऐकू कमी येत असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच जा. अचानक ऐकू कमी येण्यावर स्टेरॉइड देतात आणि त्याचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप आवाज येणं, गरगरणं, तोंडाची एक बाजू सैल पडणं, यांतलं काहीही असलं तरी थांबायचं नाही. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढल्यावर प्रकरण संपतं. तुझं इतकं स्वस्तात सुटलं तर पेढे दे. कसली औषधं चालू असतील तर तीही सांग. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनाइन, काही इंजेक्शनची अँटिबायोटिक्स यांनीही कानात आवाज येतो.

नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होईल. घाबरण्यासारखं काही नाही, पण नवख्या माणसाला ती खोली विचित्र वाटते. जाड दार लागलं की बाहेरचा रस्ता, पंखा, माणसं सगळं एका क्षणात नाहीसं होतं आणि शिट्टी एकदम अंगावर येते. हातात एक बटण देतात. बारीक 'पीं' ऐकू आली की दाबायचं. तुला वाटेल, ही त्यांची पीं की माझीच? प्रत्येकाला तसं वाटतं. तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टना आधीच सांग, 'मला शिट्टी आहे, तुटक आवाज लावा.' तो वेगळा ओळखता येतो. या तपासणीच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर 4000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे पट्टीचं माप) आसपास रेषा खड्ड्यात उतरलेली दिसली तर ती मोठ्या आवाजाची नेहमीची खूण आहे.

काही ठिकाणी पुढे एक चाचणी करतात, ती मागून घे. मशीनमधला आवाज वरखाली करत ते तुझ्या शिट्टीशी जुळवतात, आधी पट्टी आणि मग जोर. बहुतेकांची शिट्टी त्या पट्टीतला जेमतेम ऐकू येणारा आवाज असतो त्याहून पाच-दहा डेसिबलच वर निघते. रात्री डोकं फोडणारी वस्तू मोजल्यावर एवढीशी! मला हा आकडा कळला तेव्हा आधी पटला नाही, मशीन बिघडलंय असं वाटलं. पण यात मोठी खबर आहे. त्रासाचा आकार आवाजाच्या आकारावर ठरत नाही. तो मेंदू तिला किती महत्त्व देतो यावर ठरतो.

असं का होतं ते थोडक्यात. आतल्या कानात, शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत, बारीक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या दुखावतात, काही मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीतून येणारी वर्दी कमी झाली की मेंदू आपला आतला व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग मज्जातंतूंची स्वतःची खरखरच आवाज म्हणून ऐकू येते. निदान आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हे आहे. ही खरखर चांगल्या कानांतही असते. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज लिहिला. म्हणजे तुझ्या मैत्रिणीलाही त्या खोलीत शिट्टी भेटेल. फरक एवढाच की ती बाहेर येऊन विसरेल.

म्हणून शांतता शोधू नकोस. तुझी आई म्हणाली की तू दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून झोपतेस, 'आवाजाने आणखी वाढेल' म्हणून. हे आजच बंद कर. खोली जितकी मुकी, तितकी शिट्टी मोठी.

इथे साउंड थेरपीचा, म्हणजे आवाजाने करायच्या उपचाराचा विषय येतो. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात जॅक व्हर्नन नावाचे श्रवणशास्त्राचे संशोधक होते. त्यांच्याबरोबर चालताना टिनिटस, म्हणजे हीच कानातली शिट्टी, असलेले एक डॉक्टर कारंज्यापाशी थबकले. पाण्याच्या आवाजात त्यांना आपली शिट्टी ऐकू येईना. त्यावरून कानात घालायचे मास्कर निघाले. आवाजाने आवाज झाकायचा. काही काळ बरं वाटतं, पण झाकण काढलं की शिट्टी तिथेच, आणि पूर्ण झाकल्याने मेंदूला तिची सवय होत नाही, असं पुढे मांडलं गेलं. 1990 साली पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकांनी वेगळी मांडणी केली. शिट्टी ऐकू येत राहू दे, शेजारी एक सपाट, बिनमहत्त्वाचा आवाज ठेव, आणि जोडीला नीट समजावून सांगणं. मग मेंदू तिला हळूहळू कामाची नाही म्हणून सोडून देतो. खडकीला रुळालगत राहणाऱ्यांना रात्रीची मालगाडी ऐकू येत नाही, तसंच.

आता कसं करायचं. आवाजाची पातळी शिट्टीपेक्षा जराशी खाली. दोन्ही ऐकू आले पाहिजेत, शिट्टी आणि तो. शिट्टी पूर्ण बुडाली तर आवाज जास्त झाला, कमी कर. पहिल्या रात्री हात पुन्हा पुन्हा आवाज वाढवायला जाईल. जाऊ देऊ नकोस. इयरफोन लावून झोपायचं नाही, उशाशी नाही, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला छोटा स्पीकर ठेव. अर्ध्या तासाचा टायमर लावू नकोस. आवाज थांबला की जाग येते आणि मग तू आणि शिट्टी, दोघीच. रात्रभर चालू दे. छताचा पंखा पुरत असेल तर त्याहून उत्तम काही नाही, बिलही वेगळं येत नाही. दिवसाही अभ्यासाच्या खोलीत खिडकी उघडी ठेव.

कोणता आवाज? इथे तुझी पंचाईत आहे, कारण तुझा कान वाजवणाऱ्याचा आहे. मी तानपुऱ्याचं ॲप लावून पाहिलं, लोक सुचवतात. मला जमलं नाही, मन तारांच्या मागे जातं, पंचम जरा उतरलाय का तेच ऐकत बसतं. तुझ्याबाबत तर लय असलेलं काहीही बाद. ठेका आला की तुझी बोटं उशीवर चालणार. पाऊस, धबधबा, पिंक नॉइज असं बिनआकाराचं काही घे. व्हाइट नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा एकसारखा 'शूऽऽ', पुष्कळांना टोचरा लागतो. पिंकमध्ये उंच पट्ट्या कमी, म्हणून तो जरा भरीव आणि मऊ. पावसाची रेकॉर्डिंग निवडताना किमान दहा मिनिटं कान देऊन ऐक. पुष्कळ फाइली एका मिनिटाच्या असतात आणि पुन्हा पुन्हा जोडलेल्या. दर मिनिटाला तोच बेडूक ओरडतो, आणि एकदा तो बेडूक लक्षात आला की तू रात्रभर त्याचीच वाट पाहशील. फाइल फोनमध्ये उतरवून घे. ऑनलाइन लावलीस तर पहाटे तीनला सिमेंटची जाहिरात किंचाळेल.

ऑडिओग्राममध्ये ऐकू कमी निघालं तर वेगळा विचार. तेव्हा साधं श्रवणयंत्रच पुष्कळदा चांगली साउंड थेरपी ठरते, कारण बाहेरच्या जगाची वर्दी मेंदूकडे पुन्हा सुरू होते. विशीतल्या मुलीला हे ऐकायला आवडणार नाही. चष्मा मात्र तू आठवीपासून लावतेस.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. आवाजाचा हा उपचार एकट्याने फार काही सिद्ध करून दाखवू शकलेला नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या समुपदेशनाचा. शिट्टी त्याने लहान होत नाही, तिचा जाच कमी होतो. मग मी आवाजावर एवढं का लिहितो? कारण तो आज रात्रीच सुरू करता येतो, फुकट आहे, आणि झोप परत आली की बाकीचं निम्मं सोपं होतं. पण समुपदेशक मिळाला तर आवाजावर भागवू नकोस. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत ऑडिओलॉजिस्ट भेटतात, तिथे विचार. आणि एखाद्या रात्री जगणंच नकोसं वाटलं, तर मला मेसेज करून वाट पाहत बसू नकोस. 14416 लाव. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

गोळ्यांचं काय, म्हणशील. जिंकगो, झिंक, मेलाटोनिन असलं पुष्कळ जण सुचवतील. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत हे टिनिटससाठी देऊ नका असंच म्हटलं आहे. कानात कोमट तेल घालायला आजी सांगेल. पडदा शाबूत आहे का ते डॉक्टर बघेपर्यंत काहीही घालायचं नाही, आजीला माझं नाव सांग. आणि तुमच्याकडचे ते अध्यात्मवाले नातेवाईक 'अनाहत नाद ऐकू येतोय, भाग्यवान आहेस' म्हणतील. नमस्कार करायचा आणि विषय बदलायचा.

शिट्टी किती मोठी आहे याची वही ठेवू नकोस. रोज दहापैकी गुण देत बसलीस तर रोज दहा वेळा ती शोधशील. जागरण, सर्दी, परीक्षा, दात घट्ट आवळून धरणं, यांनी ती वाढते, पुन्हा बसते. वाढली म्हणजे कान आणखी बिघडला असं नव्हे. सवय व्हायला महिने लागतात, कुणाला वर्ष-दीड वर्ष. आणि ती सरळ रेषेत होत नाही.

राहिला ताशा. 'आता सोडावा लागेल का' हे तू विचारलं नाहीस, पण मेसेजभर तेच होतं. माझं मत असं: हे वर्ष विश्रांती घे, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी ऑडिओग्राम बघून ठरव. वाजवलास तर कापसाचे बोळे घालून नाही. कापसाने फारसं काही अडत नाही, मनाचं समाधान होतं. वादकांसाठीचे इयरप्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात, त्यामुळे ताशाचा कडकडाट ओळखू येतो. हिशेब सोपा आहे. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. नदीपात्रात पुलाखाली सराव करता, तिथे आवाजाला जायला जागा नसते. पथकप्रमुखांना सराव उघड्यावर घ्यायला सांग, आणि टोलाची रांग ताशापासून लांब. तुझ्या एकटीचा प्रश्न नाही, पथकात आणखी कुणाकुणाला शिट्टी असेल आणि ते गप्प असतील.

इयरप्लग मात्र पथकापुरते, किंवा लग्नाच्या बँडपुरते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, वर्गातला गलका यांसाठी ते घालून फिरू नकोस. सतत बोळे घालणाऱ्यांचे कान हळूहळू साध्या आवाजालाही कळवळू लागतात, आणि ते दुखणं शिट्टीपेक्षा वाईट.

दिवाळीत डॉक्टर सुट्टीवर असतात, त्याच्या आत तपासणी उरकून घे. ऑडिओग्रामचा कागद हाती आला की फोटो पाठव, दोन्ही कानांचा, आणि शिट्टी जुळवून घेतलीस तर ती किती हर्ट्झला निघाली तेही लिही. माझी 6000ला आहे. आईला नमस्कार.

तुझा,
काका