हॉकीत भारत आणि जर्मनी यांच्या खेळण्याच्या पद्धतीत नेमका काय फरक आहे?

2026 चा विश्वचषक नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ऑगस्टात, म्हणजे आपल्याकडे ऐन श्रावणात आहे. त्यामुळे रत्नागिरीतल्या मोजक्या हॉकीप्रेमींमध्येही हा प्रश्न आतापासून चर्चिला जातो. भारताचा भर वेगवान प्रतिआक्रमणावर, बगलेवरून होणाऱ्या चढाईवर आणि पेनल्टी कॉर्नरवरील (गोलजवळ बचाव संघाच्या चुकीमुळे मिळणाऱ्या संधीवरील) हरमनप्रीत सिंगच्या ड्रॅग फ्लिकवर, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलकडे जोरात फेकण्यावर असतो. जर्मनी मात्र, कबड्डीत मुरलेल्या कोकणी वाचकाला सांगायचे तर, चढाईपटूला आत येऊ देऊन मग साखळीने पकडणारा संघ आहे. 2023 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत 0-2 असा मागे पडूनही त्याने विजेतेपद मिळवले, कारण पिछाडीवर असतानाही त्याची रचना विस्कटत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात 54 व्या मिनिटाला गोल करून त्याने भारताला 3-2 असे हरवले. अर्थात त्या सामन्यात बचावपटू अमित रोहिदास निलंबनामुळे खेळला नव्हता, हे विसरून केलेली तुलना मला अन्यायाची वाटते. माझ्या मते भारताला वेग वाढवण्यापेक्षा शेवटच्या पंधरा मिनिटांत चेंडू ताब्यात ठेवण्याची अधिक गरज आहे.