रोजच्या वापरातली स्विफ्ट क्लब रेसिंगसाठी तयार करायची आहे, आधी खर्च कशावर करू?

आधी ब्रेकवर करा. इंजिनाला पहिलं वर्षभर हातही लावू नका. रस्त्यावर ब्रेक अधूनमधून लागतो, ट्रॅकवर दर वळणाआधी जोरात लागतो आणि मधे थंड व्हायला वेळच मिळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी सगळं ब्रेक ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या, जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड टाका. मग चांगले टायर. त्यानंतर उरलेच पैसे तर सस्पेन्शन.

ट्रॅकवरच्या प्रत्येक सत्राच्या शेवटी:
- शेवटचा एक लॅप (ट्रॅकची एक फेरी) ब्रेक शक्यतो न वापरता सावकाश मारा
- हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा
- चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) तपासा

हे सगळं ट्रॅक डे (शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस) किंवा ऑटोक्रॉसपुरतं (आखलेल्या मार्गावर एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध धावणं). कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईला इतर गाड्यांच्या सोबतीने शर्यत करायची तर एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना) लायसन्स लागतं आणि गाडी त्या गटाच्या नियमांत बसावी लागते. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पोलादी सांगाडा), बकेट सीट (अंगाला घट्ट धरणारी रेसिंगची सीट), हार्नेस (अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट) यांची खरेदी त्या वर्षीचं नियमपत्रक वाचूनच करा. नेहमीचा वाहन विमा शर्यतीतलं नुकसान भरून देत नाही, हेही धरून चाला.