घरी स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलल्यावर सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) खरंच गेलं असेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१४ ची अल्टो. माधवनगरला घरासमोर वडिलांबरोबर तुम्ही प्लग आणि एअर फिल्टर बदललं, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) स्प्रे मारून साफ केली, बॅटरीचे टर्मिनल पॉलिश पेपरने घासून परत बसवले. आता सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन उचलत नाही. बघायला आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून ‘ईसीएम गेलंय’ असं सांगितलं. मी मिरजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. माझं सांगणं एवढंच की ईसीएमला एवढ्यात कुणाला हात लावू देऊ नका.

आदल्या दिवशी नीट चालणारी गाडी काम केल्यावर बंद पडली, की दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच सापडतो. नेमका त्याच दिवशी दुसरा एखादा भाग जाणं अशक्य नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. टाइमिंग बेल्ट, टाकीतला पेट्रोल पंप, सेन्सर अशी नावं कुणी घेतली तरी आधी तुमच्याच कामाच्या वाटेने उलटं मागे जा.

सुरुवात डॅशबोर्डपासून करा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का बघा. तो लागायलाच हवा. चावी ऑन असताना तो लागतच नसेल, तर ईसीएमला करंट किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसची जोडणी) पोचत नाही असं आधी धरायचं. करंट न मिळालेलं ईसीएम आणि जळालेलं ईसीएम, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, आणि न तपासता खर्च गळ्यात पडतो तो इथेच. बिघाड वाचणारा स्कॅनर लावला आणि तो चालू होऊन गाडीशी बोललाच नाही, तरी तेवढ्यावरून ईसीएम मेलं म्हणता येत नाही. स्कॅनरला करंट थेट बॅटरीवरून मिळतो, ईसीएमला फ्यूज आणि मेन रिलेतून, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून.

दिवा लागत नसेल तर बॅटरीकडे या. जाड केबल सेल्फची असते. तिच्याबरोबर त्याच टर्मिनलच्या बोल्टवर एखादी बारीक वायर गोल लग (धातूची कडी) लावून बसवलेली असू शकते. टर्मिनल काढताना ती निसटून बॅटरीच्या ट्रेमागे खाली पडते आणि वरून बघितलं तर दिसत नाही. अशा वेळी जाड केबल घट्ट असल्याने सेल्फ झकास फिरतो, हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतात, आणि इंजिन मात्र मेल्यासारखं राहतं. मोबाइलचा टॉर्च लावून ट्रेच्या मागे, खाली, दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. मायनसच्या बाजूची बॉडीला आणि गिअरबॉक्सला गेलेली अर्थ पण हलवून बघा. १० नंबरच्या पान्याने बोल्ट आवळल्यावर टर्मिनल हाताने फिरता कामा नये. मग फ्यूज एकेक काढून डोळ्यांसमोर धरा. आतली तार तुटलेली लगेच दिसते.

गाडी सेकंडहँड घेतलीय असं तुम्ही लिहिलंय. आपल्या सांगली-मिरज भागात एक गोष्ट आवर्जून बघावी लागते, ती म्हणजे २०१९ च्या महापुरात गाडी पाण्यात होती का. पुरातून निघालेल्या गाड्यांचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) वर्षानुवर्षं चालतात आणि एकदा कुणी ओढून परत लावले की आतली हिरवी पडलेली पिन संपर्क सोडते. तुम्ही जे कपलर काढले होते ते पुन्हा काढून आत बघा. हिरवट पावडर दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

आता दिवा लागत असेल तर. ईसीएम जागं आहे, आणि मेकॅनिकच्या बोलण्यातला जोर तिथेच कमी होतो. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. चिन्ह गप्प असेल तर घरात शांतता करून चावी ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. साधारण दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. नाही आली तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा.

घरघर येत असेल तर मला सगळ्यात जास्त संशय प्लगवर आणि साचलेल्या पेट्रोलवर आहे. एक प्लग खोला. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. थ्रॉटल बॉडीत स्प्रे जास्त गेला आणि वर पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की असंच होतं. प्लग पुसून वाळवून बसवा, अॅक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबलं की ईसीएम सेल्फ मारताना पेट्रोल बंद ठेवतं आणि आत नुसती हवा जाते. इंजिन उचललं की पाय लगेच काढा. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

जुने प्लग टाकून दिले नसतील तर तेच परत लावून बघा. फुकटची आणि खात्रीची परीक्षा आहे. नवा प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर जाते किंवा गॅप मिटतो, आणि असा प्लग दिसायला नवाकोराच असतो. प्लगवायरी असतील तर त्या अदलाबदल झाल्यात का हे नक्की बघा. सेल्फ मारताना एअर फिल्टरच्या बाजूने फटफट आवाज येत असेल तर आधी तोच संशय घ्या. प्लगवर ठिणगीसाठीच्या स्वतंत्र कॉइल असतील तर तिन्हींचे कपलर बघा. ठिणगी बघायचीच असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढा, प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा, हातात धरू नका, आणि आसपास पेट्रोल किंवा क्लीनर सांडलेला असताना हे अजिबात करू नका.

थ्रॉटल बॉडीचं थोडक्यात: हवेचा पाइप आणि त्यावरच्या बारीक रबरी नळ्या जागेवर आहेत का बघा. पेडल किंचित दाबल्यावर गाडी चालू होते आणि सोडल्यावर बंद पडते, असं असेल तर आयडलची, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालण्यासाठी लागणारी, हवा बिघडलीय. ईसीएमचा त्यात दोष नाही.

एवढे दिवस सेल्फ मारून बॅटरी उतरली असेल, तर तीही चार्ज करून घ्या. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जायला नको. धक्का मारून चालू करायला जाऊ नका, न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होऊ शकतो.

हे सगळं करूनही गाडी चालू नाही झाली, तर वायरमनकडून ईसीएमच्या कपलरवर करंट आणि अर्थ मोजून घ्या. दोन्ही पोचत असतील, तरच ईसीएम उघडायचा विषय काढा. वडिलांना यात दोष देऊ नका, घरी केलेलं काम चांगलंच आहे, आणि तो दिवा लागतो की नाही ते मला आधी कळवा.