उभ्या गाडीची उतरलेली बॅटरी

प्रश्न : गाडी कित्येक महिने जागची हलली नाही. आता किल्ली फिरवली की नुसतं टकटक वाजतं. दुसऱ्या गाडीवरून चालू करून फिरवून आणली तर बॅटरी भरेल ना?

उत्तर : तेवढ्याने नाही भरणार. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र, पार उतरलेल्या बॅटरीसाठी नसतो, उगाच त्याच्यावर ताण येतो. व्होल्ट मोजणारं मल्टिमीटर बॅटरीला लावून बघा : 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12च्या खाली म्हणजे चार्जरच हवा, आणि तोही सावकाश, रात्रभर. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडणारी जम्पर केबल लावावीच लागली, तर काळ्या केबलचा दुसरा चिमटा सगळ्यांत शेवटी, बॅटरीपासून लांब, तुमच्या बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. इथे हयगय नको, कळकळीने सांगतो. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी उतरली, तर बहुधा बॅटरीच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलाय, म्हणून ती चार्ज धरत नाही. तसं असेल तर बदलूनच टाका.