“आई, मला काय येत नव्हतं?”

दरवर्षी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के मोफत जागांची, सोडत निघाली की पुढचे काही आठवडे माझ्याकडे एकच तक्रार येते. “मॅडम, शेजारणीच्या पोरीचा नंबर लागला, आमचाच का नाही? लॉटरीत गडबड असणार.” त्यातल्याच एका आईची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती शिवणकाम करते. आली तेव्हा मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जन्मदाखला, सगळं कोपऱ्याला कोपरा जुळवून लावलेलं. चाळीतल्या दोघींनी एकाच दिवशी, त्याच शाळा निवडून फॉर्म भरले होते. हिच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत पार खाली. नवरा म्हणत होता, “तूच नीट भरला नसशील.”

पहिल्या भेटीत मी नियम समजावत बसले. 1 किलोमीटरच्या आतली मुलं आधी, मग 3 किलोमीटरपर्यंतची, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की सोडत. तिने मान डोलावली आणि पुन्हा फाइल चाळायला लागली. नियम तिला पाठ होते. ती स्वतःची चूक शोधत होती.

तिसऱ्या भेटीत ते बाहेर आलं. “रात्री मुलानं विचारलं, आई, मला काय येत नव्हतं?” पुढे तिला बोलवेना.

मी थोडा वेळ जाऊ दिला. “ताई, शाळेनं त्याला काय काय विचारलं होतं?”

“काहीच नाही.”

“आणि तुम्हाला?”

“आम्हाला तर कुणी बघितलंसुद्धा नाही.” एवढं बोलून ती थबकली. फाइलवरचा हात बाजूला झाला. “म्हणजे मॅडम, त्याला नको म्हणायला कुणी त्याला पाहिलंच नाही की!”

इतक्या वर्षांच्या कामात मला हेच पुन्हा पुन्हा दिसलंय, घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो. मुलाखती असत्या तर आईचं इंग्रजी, बापाची नोकरी, पोराचे बूट, सगळं तोललं गेलं असतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं अशा चाळणीला बंदी घातली ती म्हणूनच. चिठ्ठीला कुणाचा चेहरा दिसत नाही, आणि मला तरी तीच तिची सचोटी वाटते.

राग गिळा, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. जागा 25 टक्केच का, घरामागची पालिकेची शाळा अशी का नसावी की सोडतीची धाकधूकच नको, हे प्रश्न रास्त आहेत. 2024 मध्ये सरकारनं जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली, तेव्हा कोर्टात दाद मागितली गेली आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. राग तिथे कामी येतो.

घरात मात्र ‘नंबर लागला नाही’ म्हणू नका, मुलाला तो परीक्षेचा निकाल वाटतो. ‘चिठ्ठी निघाली नाही’ म्हणा. शेजारी पेढे घ्यायला मुलाला सोबत न्या. मेसेजची वाट पाहत बसू नका, प्रतीक्षा यादी पोर्टलवर स्वतः बघत राहा.

पुढच्या भेटीत ती फाइल न घेताच आली. घरी तिने रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि मुलालाच एक काढायला लावली होती. बहिणीचं नाव निघालं. तो बराच वेळ ती चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिला.

“मग माझं काही चुकलंच नव्हतं?”

“नाही रे राजा,” ती म्हणाली होती.